पस्तीस अंशांच्या पुढे

लॅपटॉपच्या खोक्यात चार्जरच्या खाली एक पातळ पुस्तिका असते. सुरक्षिततेच्या सूचना, वेगवेगळ्या देशांची प्रमाणपत्रं, बारीक टाइप. ती सहसा खोक्यासकट माळ्यावर जाते. तिच्यात कुठेतरी एक ओळ असते, की हे यंत्र अमुक अंशांपासून ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरावं. मी नंतर कुतूहलाने बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तिका चाळल्या. खालचा आकडा बदलतो, कुठे शून्य, कुठे पाच, कुठे दहा. वरचा मात्र बहुतेक ठिकाणी ३५च.

मी नागपूरला राहतो. इथे एप्रिल निम्मा सरला की दुपारी कूलर नसलेल्या खोलीत ३५ अंश ही थंड वेळ म्हणायची. २०१३च्या मे महिन्यात इथला पारा ४७.९वर गेला होता, आणि त्या दुपारचा रस्ता माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे, माणूस नाही की कुत्रं नाही. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, लागतो तेव्हा भिंती रात्री बारा वाजताही हाताला गरम लागतात. म्हणजे वर्षातले दोन महिने माझं यंत्र त्याच्या निर्मात्यांनी ज्या हवेची हमी दिली त्या हवेत नसतंच. ती ओळ वाचली आणि माझ्या डोक्यातला एक मोठा गोंधळ मिटला. तोवर मी लॅपटॉपला दोष देत होतो, चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली असेल, पंख्यात धूळ असेल, विंडोजने काहीतरी केलं असेल. यंत्र ठीक होतं. ते दुसऱ्या कुठल्या तरी खोलीची कल्पना करून बनवलेलं होतं, जिथे खिडक्या बंद असतात आणि एसी २४वर असतो.

माझ्या डोक्यातला हा सगळा उद्योग या एका विचारातून सुरू झाला: खोली बदलता येत नसेल, तर यंत्राला आपल्या हवेत राहायला शिकवता येईल का?

आधी त्रास नेमका काय होता ते सांगतो. लॅपटॉपमध्ये इंटेलचा कोअर आय७-१२७००एच आणि एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड आहे. प्रोसेसर कागदावर ४५ वॅटचा, पण जोर लागला की थोड्या वेळासाठी ११५ वॅटपर्यंत उसळतो. ग्राफिक्स चिप तेवढीच खादाड. एखादा मोठा, खुल्या जगाचा गेम चालू असताना दोघं मिळून दीडशे वॅटच्या आसपास स्थिरावतात. हिवाळ्यात हे सगळं सुरळीत चालतं. मे महिन्यात मात्र गेम सुरू करून थोडा वेळ झाला की प्रोसेसर १०० अंशांच्या मर्यादेला टेकतो. ती मर्यादा इंटेलनेच ठरवलेली आहे. तिथे पोचल्यावर चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवते, थोडी निवते, पुन्हा वेग चढवते, पुन्हा टेकते. पडद्यावर त्याचे हिसके दिसतात. गाडी वळणावर असताना चित्र क्षणभर अडखळतं आणि पुन्हा धावतं. पंखे पूर्ण ताकदीने किंचाळत असतात, कीबोर्डचा मधला भाग बोटं ठेवू देत नाही.

हे का होतं ते समजायला एक साधा हिशेब पुरेसा आहे. घरातली इस्त्री १००० वॅटची असते आणि तिचा तळ साधारण २०० चौरस सेंटिमीटरचा. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पाच वॅट. या प्रोसेसरच्या चिपचा आकार दोन चौरस सेंटिमीटरच्या थोडासाच वर आहे. तिच्यातून १०० वॅट बाहेर पडत असतील तर दर चौरस सेंटिमीटरला पन्नासेक वॅट झाले. इस्त्रीच्या दहा पट! आणि इस्त्री तर तापण्यासाठीच बनवलेली असते. एवढीशी जागा, एवढी आच, आणि तिला शंभराच्या खाली ठेवायचं, तेही दोन-अडीच सेंटिमीटर जाडीच्या डबीत. लॅपटॉपमधल्या थंडाव्याच्या रचनेकडे मी तेव्हापासून फार आदराने पाहतो.

त्या रचनेतला सगळ्यात देखणा भाग म्हणजे हीट पाइप. लॅपटॉपचं मागचं झाकण काढलं की तांब्याच्या चपट्या पट्ट्या दिसतात त्या. भरीव वाटतात, पण आतून पोकळ असतात. आतली हवा काढून टाकलेली असते, थोडंसं पाणी असतं आणि भिंतीला आतून तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर असतो. दाब इतका कमी, की पाणी शंभरावर नाही तर कितीतरी आधी उकळतं. चिपच्या बाजूला वाफ होते, ती दुसऱ्या टोकाला धावते, तिथे पंख्यापाशी उष्णता सोडून पुन्हा पाणी होते, आणि ते पाणी त्या सच्छिद्र थरातून मागे झिरपत येतं. पंप नाही, वीज नाही, हलणारा एकही भाग नाही. या कल्पनेचं पेटंट जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलर यांना १९४४ साली मिळालं होतं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर रेफ्रिजरेटर होता. ते तसंच पडून राहिलं. १९६३मध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती गोष्ट स्वतंत्रपणे नव्याने घडवली, त्या वेळी ध्यास अंतराळयानांचा होता. आज ती आपल्या मांडीवर असते.

पण हीट पाइप उष्णता फक्त पंख्यापर्यंत नेतो. पुढचं काम हवेचं. आणि हवा ३८ अंशांची असेल तर पंखा हीट पाइपच्या टोकावर ३८ अंशांचीच हवा घालणार. पंखा कितीही जोरात फिरला तरी तो हवेला तिच्या स्वतःच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. बाजारात मिळणारे कूलिंग पॅड, म्हणजे खाली पंखे लावलेले स्टँड, याच भिंतीवर येऊन थांबतात.

पाणी इथे दोन कारणांनी कामाला येतं. पहिलं सगळ्यांना माहीत असतं. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता पोटात घेतं. मिनिटाला एक लिटर पाणी फिरवलं आणि त्यात १०० वॅट सोडले, तर ते पाणी जेमतेम दीड अंशाने तापतं. दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. पाण्यामुळे उष्णता जिथे तयार होते ती जागा आणि जिथे ती टाकायची ती जागा, या दोन्ही वेगळ्या करता येतात. हवा जवळची असते, पंख्याला समोर असेल तीच घ्यावी लागते. पाण्याची नळी खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेता येते. माझ्या घरात त्या दुसऱ्या टोकाला, खिडकीत, कूलर आहे.

हे करणारा मी पहिला नाही. हिताचीने २००२ सालीच फ्लोरा मालिकेत पाण्याने थंड होणारा लॅपटॉप काढला होता. त्यात पाणी पडद्याच्या मागे फिरून तिथे उष्णता सोडायचं, आणि हेतू आवाज कमी करण्याचा होता. २०१५मध्ये असूसने आरओजी जीएक्स७०० दाखवला. सतरा इंची लॅपटॉप आणि त्याच्या पाठीला जोडायचं एक भलंमोठं बोचकं, ज्यात पंप आणि पाण्यातली उष्णता हवेत सोडणारा रेडिएटर. पुढे २०२२मध्ये लायपझिगच्या शेंकर कंपनीने एक्सएमजी ओअॅसिस या नावाने सुटसुटीत डबा आणला, चुंबकाने चिकटणारी नळी, हवी तेव्हा काढता येणारी. तिकडे मोठ्या यंत्रांच्या जगात तर हे केव्हाच रुळलं आहे. आपल्या पुण्याला आयसर या विज्ञानसंस्थेत सी-डॅक या सरकारी संगणन केंद्राचा परम ब्रह्म हा महासंगणक आहे, तिथेही द्रव थेट चिपवर बसवलेल्या प्लेटांमधून फिरतो. मला हे वाचून धीर आला. पुण्यात जे पाणी प्रोसेसरच्या पाठीवरून जाऊ शकतं ते नागपुरातही जाऊ शकतं.

मध्येच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण हे वाचून कुणी लगेच पेचकस हातात घेईल. बहुतेकांना यातलं काही करायची गरज नाही. पंख्यांची धूळ काढा, पेस्ट बदला, गेमचे फ्रेम सेकंदाला ६०वर बांधून ठेवा, प्रोसेसरला ४५ वॅटच्या वर जाऊ देऊ नका. निम्मा त्रास तिथेच जातो. मी पेस्टऐवजी होनीवेलचं पीटीएम ७९५० नावाचं पान लावलं. ते ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन चिप आणि तांब्याच्या फटीत पसरतं आणि पेस्टसारखं कडेला सरकत नाही. द्रव धातू जास्त चांगला चालतो हे खरं, पण त्यात गॅलियम असतं. ते विजेचं वाहक आहे आणि अॅल्युमिनियमला खातं. ज्या यंत्रात मी पुढे पाणी नेणार होतो त्यात आणखी एक भटका द्रव नको होता.

आता मुख्य काम. हीट पाइपच्या पाठीवर तांब्याची नळी बसवायची, तिच्यातून पाणी न्यायचं. ऐकायला सोपं. झाकण आणि हीट पाइप यांच्यामध्ये जेमतेम तीन मिलिमीटर जागा. पाव इंची तांब्याची नळी गोल असताना सव्वासहा मिलिमीटरची. म्हणजे ती चपटी करायची, पण आतली वाट बंद होता कामा नये, आणि वळणावर मुडपता कामा नये.

यासाठी मी आमच्या भागातल्या फ्रिज दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. तांब्याची नळी हे त्यांचं रोजचं माध्यम. दुकानात कॉम्प्रेसर उघडे पडलेले, भिंतीवर नळ्यांची वेटोळी टांगलेली, गॅसचा बर्नर कायम हाताशी. मी लॅपटॉप उघडून दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ बघत राहिले.

“पाणी? याच्यामंधी? काहून बापा?”

मी समजावलं. त्यांनी मान हलवली. मग विचारलं, “लीक झालं त काय करान?”

हा प्रश्न त्यांनी इतक्या सरळपणे विचारला, की पुढची सगळी रचना मी या एका प्रश्नाभोवती केली. त्याबद्दल लगेच सांगतो. पण आधी नळी. काकांनी नळीत बारीक वाळू ठासली, दोन्ही तोंडं बंद केली, स्प्रिंग चढवून वळणं काढली आणि मग शेगड्यात, म्हणजे बाकावरच्या शिकंज्यात, दोन लाकडी पट्ट्यांमध्ये धरून हळूहळू दाबली. दाबताना ते कान देऊन ऐकत होते. वाळूचा आवाज बदलतो म्हणे. मला तो फरक ऐकू आला नाही, पण नळी बाहेर आली तेव्हा तिची जाडी सगळीकडे सारखी होती आणि वळणावर एकही सुरकुती नव्हती. असं कौशल्य जवळून पाहायला मिळणं हे मी या सगळ्या उद्योगातलं मोठं देणं मानतो.

नळी हीट पाइपला जोडायची कशी, हा पुढचा पेच. काकांचा हात सवयीने बर्नरकडे गेला आणि मी त्यांना थांबवलं. हीट पाइप म्हणजे पाणी भरलेलं बंद भांडं. त्याला ज्योत लावली तर आतली वाफ त्याला फुगवून फाडेल. बिस्मथ आणि कथलाचं एक डाख मिळतं जे १३८ अंशांना वितळतं, आणि ते अशा कामासाठीच योग्य. पण लॅपटॉपचे पंख्याजवळचे पत्रेही बहुधा अशाच डाखाने जोडलेले असतात. नवा सांधा करायला जावं आणि जुने सांधे ढिले व्हावेत, हा धोका. शेवटी मी उष्णता वाहून नेणारं दोन भागांचं इपॉक्सी वापरलं. डाखापेक्षा ते कमी प्रतीचं वाहक आहे. पण नळी लांबवर, दोन्ही हीट पाइपांच्या पूर्ण लांबीला चिकटलेली आहे, त्यामुळे क्षेत्रफळ त्याची भरपाई करतं. “मंग असंच चिकटवान? बरं.” काकांना चिकटवणं फारसं पटलं नाही. तांब्याला तांबं आगीनेच जोडावं, ही त्यांची आयुष्यभराची शिस्त आहे. तरी त्यांनी हवा भरून नळी पाण्याच्या बादलीत बुडवली, बुडबुडा येतोय का ते पाहत खूप वेळ बसले, आणि मगच ती माझ्या हातात दिली.

आता गळतीचा प्रश्न. पाण्याच्या बहुतेक घरगुती रचनांत पंप पाणी ढकलतो. टाकीतून घेतो, जोराने यंत्रात घालतो. म्हणजे यंत्रातल्या नळीत दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असतो आणि कुठे केसाएवढी फट पडली तर पाणी बाहेर येतं. मी क्रम उलटा लावला. टाकी टेबलाच्या खाली, तिचं झाकण हवेला थोडं उघडं. तिथून नळी वर लॅपटॉपला, लॅपटॉपमधून खाली पंपाला, पंपातून रेडिएटरला, रेडिएटरमधून परत टाकीत. अशा रचनेत पंप लॅपटॉपमधून पाणी ओढतो. लॅपटॉपच्या आतल्या नळीत दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी राहतो. फट पडली तर पाणी बाहेर न येता बाहेरची हवा आत शिरेल, टाकीत बुडबुडे दिसतील, पंपाचा आवाज बदलेल, आणि मला उठून बंद करायला वेळ मिळेल. सुरुवातीला मोठ्या सिरिंजने पाणी ओढून नळ्या भराव्या लागतात, कारण कोरडा पंप वर खेचू शकत नाही. एवढा त्रास मी आनंदाने करतो. ही रचना काकांना दाखवली तेव्हा ते पहिल्यांदा हसले. त्यांच्या धंद्यात व्हॅक्यूम हा रोजचा शब्द आहे.

लॅपटॉपच्या पाठीला दोन जोड आहेत, ओढले की दोन्ही बाजूंनी आपोआप बंद होणारे. प्रवासाला निघताना ते काढतो आणि आतलं पाणी फुंकून बाहेर काढतो. हे दुसरं काम विसरता येण्यासारखं नाही. दोन्ही तोंडं बंद असलेल्या नळीत काठोकाठ पाणी राहिलं आणि लॅपटॉप तापला, तर पाण्याला फुगायला जागा नसते. रिकाम्या नळीनिशी तो पुन्हा साधा लॅपटॉप होतो, पंख्यांवर चालणारा.

धातूंबद्दल थोडक्यात. नळी तांब्याची असेल तर रेडिएटरही तांब्या-पितळेचाच घ्यावा. इतवारीच्या बाजारात जुन्या गाड्यांचे अॅल्युमिनियमचे रेडिएटर स्वस्तात मिळतात आणि मोह होतो. पण एकाच पाण्यात तांबं आणि अॅल्युमिनियम आले की ते पाणी बॅटरीसारखं वागायला लागतं आणि अॅल्युमिनियम हळूहळू गळून जातं. पाणी डिस्टिल्ड हवं. आमच्याकडचं नळाचं पाणी जड आहे. कूलरच्या ताट्यांवर उन्हाळ्याच्या शेवटी जो पांढरा खरवड जमतो, तोच त्या चपट्या नळीतल्या वाटेत जमला तर वाट बंदच होईल. त्यात किमान पाव भाग प्रॉपिलीन ग्लायकॉल घातलं की शेवाळही सहसा धरत नाही.

आणि आता कूलर. माझ्या मते या सगळ्याचा जीव इथे आहे.

विदर्भातला कूलर म्हणजे पत्र्याची पेटी, तीन बाजूंना वाळ्याच्या किंवा लाकडाच्या बारीक तंतूंच्या ताट्या, वरून झिरपणारं पाणी आणि मधे मोठा पंखा. त्याच्या आधी खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या टांगून त्यांवर पाणी शिंपडायची पद्धत होती. मूळ तत्त्व एकच: पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेतं. किती घेऊ शकेल हे हवेच्या कोरडेपणावर ठरतं. मे महिन्यातल्या दुपारी हवा ४५ अंशांची आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक फक्त २४ अंश दाखवतो. एकाच हवेत, एकाच क्षणी, एकवीस अंशांचा फरक. ही आमच्या उन्हाळ्याची दडलेली श्रीमंती आहे आणि मला ती लहानपणापासून अंगावर माहीत होती, आकड्यांत पहिल्यांदा कळली. ताट्या काही आदर्श नसतात, त्यामुळे कूलरचा वारा २४ नाही तर २८–३० अंशांचा येतो. पण ३५च्या आत येतो.

मग लॅपटॉपच कूलरसमोर का ठेवू नये? कारण तो वारा ओला असतो. त्यात तुषार असतात, आणि त्या तुषारांत क्षार. ते मदरबोर्डवर वाळले की वर्षभरात गंज दिसतो. रेडिएटरला मात्र ओल्या वाऱ्याचं भय नाही. तो कूलरच्या जाळीसमोर बसतो, त्याला स्वतःचा पंखाही लागत नाही, आणि लॅपटॉप खोलीच्या कोरड्या कोपऱ्यात राहतो. लॅपटॉपचे दीडशे वॅट कूलरच्या वाऱ्यात मिसळले तर तो वारा अर्ध्या अंशानेही तापत नाही. घरात कुणाला काही जाणवत नाही.

यातली आणखी एक गोष्ट मला फार सुंदर वाटते. पाण्याने थंड करताना खरी भीती गळतीइतकीच दवाची असते. हौसेने टाकीत बर्फ टाकणारे लोक आहेत. नळीतलं पाणी हवेच्या दवबिंदूखाली, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पुन्हा पाणी होऊ लागते त्याखाली, गेलं की नळीच्या बाहेरून थेंब जमतात, तेही लॅपटॉपच्या आत. मे महिन्याच्या त्या कोरड्या हवेचा दवबिंदू १२ अंशांच्या आसपास असतो, म्हणून तिथे बराच थंडावा खपून जातो. जुलैत हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के झाली की दवबिंदू २५वर येतो, आणि मग फ्रिजमधली पाण्याची बाटली टेबलावर तळं करते तसंच यंत्राच्या पोटात होऊ शकतं. पण वाफेने मिळणारा थंडावा ओल्या तापमापकाच्या आकड्याखाली कधीच जात नाही, आणि तो आकडा दवबिंदूच्या खाली कधीच नसतो. म्हणजे कूलरच्या वाऱ्यावर चालणारी ही रचना कुठल्याही ऋतूत स्वतःला घाम आणू शकत नाही. तिच्यात ही मर्यादा निसर्गानेच घालून दिलेली आहे. यासाठी मला कुठलाही सेन्सर लावावा लागला नाही.

पावसाळ्यात कूलर निरुपयोगी होतो, हे सगळ्या नागपूरकरांना माहीत आहे. तेव्हा रेडिएटर काढून टेबलाच्या बाजूला आणतो आणि त्याला दोन साधे पंखे लावतो. बाहेर २८–३० अंश असतात, तेवढं पुरतं.

फरक किती पडला? मेमध्ये ग्राफिक्स चिप जिथे ८६ला असायची तिथे आता सत्तरीच्या आसपास राहते. प्रोसेसर कमी उतरला. तो ऐंशीच्या थोडा वर असतो. कारण इस्त्रीच्या हिशेबात आहे. चिप आणि तांब्याची प्लेट यांच्यामधली ती दोन चौरस सेंटिमीटरची सांध इतकी अरुंद आहे, की पलीकडे कितीही थंड पाणी नेलं तरी त्या सांधेतून जाताना तापमान चढणारच. पण तो शंभराला टेकत नाही. वेग उतरत नाही, हिसके गेले. लॅपटॉपचे पंखे पूर्ण बंद केले नाहीत, कारण मेमरी आणि वीज पुरवणाऱ्या भागांवरून नळी जात नाही. त्यांना हलका वारा लागतो. ते मंद फिरत राहतात.

मला याहून मोठी वाटणारी मिळकत आवाजाची आहे. आमच्या घरात कूलर एकाच खोलीत आहे. उन्हाळ्यात रात्री सगळे तिथेच झोपतात, गाद्या खाली टाकून, आई, बाबा, बहीण, कधी सुटीला आलेली मामाची मुलं. कूलरच्या घरघरीची सगळ्यांना सवय आहे, तिच्यात झोप लागते. लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज मात्र वेगळा, वरच्या पट्टीतला, तो झोपलेल्या माणसाच्या कानात घुसतो. आई काही म्हणायची नाही, फक्त कूस बदलायची. त्यामुळे मी मे महिन्यात रात्री यंत्र उघडायचंच टाळत होतो. आता पंपाचा आवाज कूलरच्या आवाजात विरघळून जातो. मामाचा धाकटा मुलगा नळीला बोट लावून बघतो, जाणारी कोमट आहे की येणारी, आणि मला विचारत बसतो. त्याला मी ओल्या फडक्याचा तापमापक करून दाखवला. त्याने तो घरभर फिरवला, स्वयंपाकघरात, गच्चीवर, माठाच्या तोंडाशी, आणि प्रत्येक जागेचा आकडा वहीत लिहिला. मला वाटतं, गेममध्ये त्याला तेवढी मजा आली नसती.

पुढच्या उन्हाळ्यासाठी एक बदल डोक्यात आहे. रेडिएटर काढूनच टाकायचा आणि त्याच्या जागी तांब्याच्या नळीचं वेटोळं थेट कूलरच्या टाकीत बुडवायचं. टाकीतलं पाणी सतत ताट्यांवरून फिरून येत असतं, म्हणून ते वाऱ्याहूनही गार असतं, जवळजवळ त्या ओल्या तापमापकाइतकं. शिवाय पाण्याला उष्णता देणं हवेला देण्यापेक्षा कितीतरी सोपं. मी काढलेल्या हिशेबाप्रमाणे पाव इंची नळी दहा फूट असेल तर दीडशे वॅटसाठी आतल्या आणि बाहेरच्या पाण्यात पाच ते सात अंशांचा फरक पुरावा. या उष्णतेने जास्तीचं पाणी किती उडेल तेही पाहिलं. तासाला साधारण पाव लिटर. कूलर एरवी जेवढं पितो त्यापुढे ते फार नाही. तरी आमच्याकडे मेमध्ये पाणी मोजून वापरलं जातं, म्हणून बाबांना हा आकडा आधी सांगितला. कूलरमध्ये पाणी भरणं हे त्यांचं संध्याकाळचं काम आहे.

बाबांची हरकत पाण्याला नव्हती, डासांना होती. टाकी दर आठवड्याला पूर्ण रिकामी करून घासायची, हा घरातला नियम आहे. डेंग्यूचे दिवस आम्ही पाहिलेत. वेटोळं टाकीत कायमचं अडकवलं तर त्याच्यामागे घासता येणार नाही. शिवाय त्यावर खरवड चढणार, तो आठवड्याला पुसायला हवा, नाहीतर उष्णता जाणार नाही. म्हणजे ते उचलून बाहेर काढता आलं पाहिजे, नळ्यांसकट, पाणी न सांडता. काकांना विचारलं. त्यांनी पंजा पसरून टाकीची खोली मापली आणि म्हणाले, वेटोळं काठावर अडकवायला वर दोन आकडे काढून देतो, बादलीच्या कडीसारखे, आणि नळीचा शेवटचा फूटभर भाग मऊ ठेवू. दहा फुटांऐवजी बारा फूट घ्या, असंही म्हणाले, खरवड चढल्यावर दहाचं आठ होतं.